एका भुंगेऱ्याने काय होतंय?

ओंडका
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

माझं काम गोदामातलं. समुद्रापलीकडून यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात. आम्ही खोकी फोडतो, माल मोजून घेतो आणि फळ्या एका कोपऱ्यात रचून ठेवतो. गेल्या आठवड्यात त्या ढिगाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. एक फळी उलटली तर तिला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि फटीत एक काळपट तपकिरी भुंगेरा. तांदळाच्या दाण्याहून लहान. डिवचलं तर पाय आखडून मेल्याचं सोंग केलं, आणि मी फोन काढून फोटो घेईपर्यंत पठ्ठ्या पसार.

साहेबांना दाखवायला गेलो तर म्हणाले, "एका किड्याने काय होतंय?" मला उत्तर देता आलं नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून इथे विचारतो. परमुलखातून आलेल्या एका भुंगेऱ्याने खरंच काही होतं का? नव्या जागी तो तग धरतो तो कशाच्या जोरावर? आणि बहुतेक मरत असतील तर मग उरलेले जगभर पसरले कसे?

फोटो हलला आहे, तरी डकवतोय. कुणाला ओळखता आला तर सांगा.

कापूसकोंड्या
यात किडा कुठला आणि बोट कुठलं?

दिवाभीत
नख आहे ते बोट.

सुतारपक्षी
ओंडका, फोटो जाऊ द्या, आधी दोन गोष्टी बघा. पहिली, भोकाच्या आतली कड. पांढरट, ताजी दिसते की काळवंडलेली? काळवंडली असेल तर भोक जुनं, आतला कधीच निघून गेलाय. दुसरी, फळीवर डागलेला शिक्का आहे का? गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि 'एचटी' किंवा 'एमबी' असं काहीतरी.

२००२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एक नियम ठरला. मालाच्या आवेष्टनासाठी कच्चं लाकूड वापरायचं तर ते आधी तापवायचं. वरवर नाही, फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस आणि तेही सलग ३० मिनिटं. नाहीतर मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यायची. लोंबीचा शिक्का त्याचा पुरावा; 'एचटी' म्हणजे तापवलेलं, 'एमबी' म्हणजे धुरी दिलेलं. प्लायवूडला हे लागू नाही, कारण ते तयार होतानाच भाजून आणि दाबून निघतं.

गोगलगाय
तापवलेल्या लाकडाला नंतर कीड लागू शकते का? बाळबोध प्रश्न असेल तर माफ करा.

सुतारपक्षी
बाळबोध अजिबात नाही. लागू शकते. उष्णता आत असलेल्याला मारते, पुढे येणाऱ्याला अडवत नाही. म्हणून साल काढून टाकण्याचीही अट आहे. सालीखाली अंडी घालणाऱ्यांना मग घर उरत नाही. पण कोरडं लाकूड खाणाऱ्यांना सालीची गरज नसते.

चष्मिष
धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला हात घालतो. लांबेल, सांभाळून घ्या.

'येणं' आणि 'बस्तान बसवणं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आलेल्यांपैकी बहुतेक मरतात. मरण्याचं मोठं कारण थंडी, ऊन किंवा उपासमार असेल असं आपल्याला वाटतं. ती कारणं आहेतच, पण आणखी एक आहे जे पटकन सुचत नाही: एकटेपणा. खोक्यातून चार भुंगेरे उडाले आणि चार दिशांना गेले, तर नराला मादी भेटणारच नाही. संख्या एका मर्यादेखाली गेली की वाढीचा वेगच उलटा होतो. गर्दी नसल्यामुळे अन्न भरपूर असूनही टोळी संपते. याला ॲली परिणाम म्हणतात, वॉर्डर ॲली या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून.

याचं माझं आवडतं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या शेणकिड्यांचं आहे. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईगुरं गेली माणसांबरोबर, त्यांच्या ओल्या पोवट्यांना कुणी वालीच नाही. शेण कुरणात तसंच पडून राहायचं आणि त्यावर माश्यांची पैदास व्हायची. जॉर्ज बोर्नेमिसा नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या कीटकशास्त्रज्ञाने सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत ही मोहीम हाती घेतली. आफ्रिका, युरोपातून शेणकिडे आणून, वाढवून १९६८ पासून सोडायला लागले. एकूण ४३ जाती सोडल्या.

आता विचार करा. हवामान जुळवून निवडलेल्या जाती, सोबत आलेले रोग लागू नयेत म्हणून अंडी धुऊन आणलेली, हजारोंच्या संख्येने एकाच जागी सोडलेल्या, समोर शेणाचे डोंगर. इतके लाड करूनही टिकल्या किती? २३. जवळजवळ निम्म्या गारद.

तेव्हा तुमच्या साहेबांचं वाक्य अगदीच चूक नाही.

खमंग
'समोर शेणाचे डोंगर आणि तरी टिकले नाहीत' हे आमच्या खात्यातल्या नव्या भरतीलाही लागू आहे.

दिवाभीत
:हहपुवा:

उलटतपासणी
चष्मिष, शेणकिड्यांचं उदाहरण मस्त, पण त्यावरून साहेबांना सोडून देऊ नका. ॲली परिणाम ज्यांना लागूच होत नाही असे भुंगेरेही आहेत, आणि नेमके तेच लाकडातून येतात.

अँब्रोशिया भुंगेरे घ्या. लांबी दोन-तीन मिलिमीटर. हे लाकूड खात नाहीत, लाकडात बोगदे करून तिथे बुरशीची शेती करतात आणि ती खातात. बुरशीचं बियाणं अंगातल्या खास पिशवीतून सोबत नेतात. यांच्यातली मादी बिळाबाहेर पडण्याआधीच सख्ख्या भावाशी संग करून मोकळी होते. समजा भाऊ भेटलाच नाही. तरी अडत नाही. फलन न झालेल्या अंड्यांतून नर निघतात, मग ती स्वतःच्या मुलाशी जुळवून घेते आणि पुढे मुली होतात. म्हणजे अख्खी वसाहत वसवायला एक मादी पुरते, आणि शिदोरी तिच्या अंगातच.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सव्हाना बंदराजवळ २००२ मध्ये आशियातला असाच एक अँब्रोशिया भुंगेरा सापळ्यात सापडला. त्याच्यासोबतच्या बुरशीने तिथल्या रेडबे झाडांना मर लागली. आशियात, तिच्या मूळ घरी, ही बुरशी फारसं काही करत नाही, पण इथल्या झाडांना ती कधी भेटलेलीच नव्हती. झाड घाबरून आपल्याच रसवाहिन्या बंद करून घेतं आणि वाळून जातं. तिकडे पसरलेल्या बुरशीचे नमुने तपासले तेव्हा जवळजवळ सगळे एकाच वाणाचे निघाले. म्हणजे सगळा अनर्थ बहुधा एकाच आगमनातून. पुढे ती ॲव्होकॅडोच्या बागांतही पोचली.

एका किड्याने काय होतंय? हे होतंय.

चष्मिष
मान्य. मी 'बहुतेक' म्हटलं होतं, 'सगळे' नाही. :)

कापूसकोंड्या
भाऊ, मुलगा, नातू... ही घराण्याची वंशावळ कुणीतरी काढून दाखवा, मला आत्याच सापडत नाहीये.

रानवारा
मला या सगळ्या चर्चेतली भाषाच खटकते. 'परकीय', 'आक्रमक', 'घुसखोर'. किडा काही शस्त्र घेऊन आलेला नाही. त्याला माणसाने खोक्यात घालून आणलं. आणि प्राणी एका जागेहून दुसरीकडे जात आलेच आहेत. आजचा परका उद्याचा रहिवासी. मग एवढा थयथयाट का?

उलटतपासणी
भाषेबद्दल सहमत, थयथयाटाबद्दल नाही. फरक वेगाचा आहे. एखादी जात हळूहळू सरकत गेली तर तिचे शत्रूही मागोमाग सरकतात. विमानातून आली तर शत्रू घरी राहतात आणि ती मोकाट.

रानवारा
पण मोकाट ती एक टक्का असेल. बाकीच्यांचा काय गुन्हा?

उलटतपासणी
बाकीच्यांना कुणी पकडायला जातंय का? जे दिसतही नाहीत त्यांच्यावर खटला कोण भरणार?

व्यवस्थापक
दोघांनीही छान मुद्दे मांडले आहेत. माणसांच्या स्थलांतराकडे गाडी वळते आहे असं वाटल्याने पुढचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया भुंगेऱ्यांवर राहा.

जुनं खोड
रानवारांच्या 'प्राणी जात आलेच आहेत' यावरून आठवलं. धान्यातला सोंडा ब्रिटनमध्ये कधी गेला ठाऊक आहे? रोमन सैन्यासोबत. त्याआधीच्या थरांत त्याचा मागमूस नाही आणि रोमन थरांत एकदम सुळसुळाट. यॉर्क शहरात उत्खननात रोमनांचं धान्याचं कोठार सापडलं, त्यात भुंगेऱ्यांचा खच होता. इतकी कीड झाली की त्यांनी ते कोठार मोडून चिखलमातीच्या जाड थराखाली पुरून टाकलं आणि वर नवीन बांधलं. गंमत म्हणजे या जातीच्या सोंड्याला उडता येत नाही. पंख नावाला. जिथे गेला तिथे आपल्या पोत्यात बसून गेला. दोन हजार वर्षांपूर्वीचं जागतिकीकरण म्हणा.

माझी सगळी नोकरी पीकसंरक्षणात गेली, त्यामुळे मुद्दाम आणलेल्यांबद्दलही दोन शब्द. सगळेच चोरवाटेने येत नाहीत. गाजर गवत मेक्सिकोकडचं, तेव्हा त्याचा शत्रूही तिथलाच. झायगोग्रामा हा भुंगेरा आणून, चाचण्या घेऊन १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला. आज पावसाळ्यात गाजर गवताची पानं कुरतडून चाळणी झालेली दिसतात ती त्याचीच करणी. मध्यंतरी तो सूर्यफुलावर बसलेला दिसला आणि केवढा गदारोळ झाला. चौकशी समिती नेमण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. जाता जाता टेकला असेल बिचारा.

आणि पहिला मोठा यशस्वी प्रयोग याच्याही शंभर वर्षं आधीचा. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका पांढऱ्या कापशी किडीने पार बसवल्या होत्या. ॲल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियात जाऊन १८८८-८९ मध्ये तिला खाणारे लालकाळे ढालकिडे बोटीने पाठवत राहिला. पहिल्या खेपांमधले जेमतेम सव्वाशे पोचले. ते लॉस एंजेलिसमध्ये एका कीडग्रस्त संत्र्याच्या झाडावर सोडले आणि झाडाला तंबू ठोकला. चष्मिष यांचा एकटेपणाचा मुद्दा बघा, तंबूमुळे पांगायची सोयच नव्हती. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या.

गोगलगाय
काका, किती छान लिहिता! या कापशी किडीचा आणि ढालकिड्याचा किस्सा पहिल्यांदाच वाचला. पण एक शंका. ढालकिडे म्हणजे चांगले असंच शिकलोय. यातही वाईट असतात?

जुनं खोड
चष्मिष यांच्याकडे चेंडू टोलवतो, आता माझी झोपायची वेळ झाली.

चष्मिष
गोगलगाय, 'चांगला-वाईट' हा शिक्का पाठीवर घेऊन कुणी जन्मत नाही, पण तुमच्या शंकेचं उत्तर हार्लेक्विन ढालकिडा. मूळचा पूर्व आशियातला, मावा खाण्यात पटाईत. म्हणून अमेरिकेने त्याला बोलावून आणलं. पहिल्यांदा सोडला १९१६ मध्ये. टिकला नाही. मग पुन्हा सोडला. टिकला नाही. असं अनेक दशकं. लोकांनी नाद सोडत आणला होता आणि १९८८ मध्ये लुइझियानात तो मोकळ्या रानात नांदताना सापडला. मग थांबलाच नाही.

पुढचं खरं नवल जनुकीय तपासणीतून कळलं. युरोप, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत जे हार्लेक्विन पसरले त्यांचं मूळ थेट आशियात नाही, पूर्व अमेरिकेतल्या या टोळीत सापडतं. म्हणजे एका जागी पाय रोवलेली टोळी पुढच्या सगळ्या स्वाऱ्यांचं ठाणं झाली. एकदा ठाणं मिळालं की मूळ देशाची गरज उरत नाही. धागाकर्त्याच्या 'उरलेले जगभर कसे पसरले' या प्रश्नाचं मोठं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये २००४ मध्ये पोचला. त्याच्या अंगात एक सूक्ष्म परजीवी असतो, त्याला स्वतःला काही होत नाही, पण त्याची अंडी-अळ्या खाणारे स्थानिक ढालकिडे त्या परजीवीने मरतात. एकमेकांची अंडी खाणं हा ढालकिड्यांचा जुना उद्योग आहेच. म्हणजे याला खाल्लं तरी मरण, आणि नाही खाल्लं तर हा तुम्हाला खाणार.

खमंग
जेवायला बसलो होतो हो.

उलटतपासणी
चष्मिष, १९१६ ते १९८८ हा मधला काळ कुठे गेला? तो अपयशी होत होता की लपून वाढत होता?

चष्मिष
चांगला प्रश्न. काही वेळा अपयश खरंच असतं. काही वेळा किडा असतो, पण आपली नजर तिथे नसते. ॲश झाडं पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा दुसऱ्या प्रकारातला. पाचूसारखा हिरवागार, सेंटीमीटरभर लांब, अतिशय देखणा. चीनकडून आलेला. अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात २००२ मध्ये ओळखला गेला. नंतर संशोधकांनी मेलेल्या झाडांच्या खोडातली वर्षवलयं मोजली, कुठलं झाड कोणत्या वर्षी मेलं याचा नकाशा काढला आणि मागे मागे गेले, तर किडा नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धातच तिथे नांदत होता. म्हणजे जवळपास दहा वर्षं तो होता आणि कुणाला पत्ता नव्हता. झाडं वाळत होती, लोकांना वाटत होतं दुष्काळ असेल, बुरशी असेल. किडा सालीखाली, आणि वाळणं सुरू होतं ते शेंड्याकडून. शेंड्याकडे बघतो कोण?

सापडला तेव्हा त्याला हटवायची वेळ टळून गेली होती. तोवर मेली ती सोडा, नंतर कोट्यवधी झाडं गेली. आणि लांबच्या उड्या किड्याने नाही मारल्या, माणसांनी मारल्या. सहलीला जाताना गाडीत घातलेला जळाऊ लाकडाचा भारा.

दिवाभीत
म्हणजे साहेबांनी 'एका किड्याने काय होतंय' म्हणायचं, आणि दहा वर्षांनी साहेब निवृत्त.

सुतारपक्षी
वर 'नजर तिथे नसते' आलंय, त्यावर एक भर. नजर बहुतेक वेळा अडाण्याचीच पडते (चांगल्या अर्थाने). शेळीच्या शिंगांसारख्या लांब मिशांचा, काळ्यावर पांढरे ठिपके असलेला आशियाई लाँगहॉर्न भुंगेरा. आपल्याकडे आंब्याला भिरूड लागतं ना, त्याच कुळातला. अमेरिकेत तो १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला. कुणा शास्त्रज्ञाने शोधला नाही. एका रहिवाशाला वाटलं की रस्त्यावरच्या मेपल झाडांना कुणी टवाळखोर गिरमिटाने भोकं पाडतंय, म्हणून त्याने तक्रार केली. भोकं तशीच असतात, पेन्सिल जाईल एवढी गोल आणि साफ.

हा मात्र हटवता येतो. कारण मादी आळशी, जन्मलेल्या झाडाच्या आसपासच अंडी घालते. शिकागोत १९९८ मध्ये सापडला, झाडं तोडून भुगा केली, २००८ मध्ये निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात २०१२ मध्ये वसाहत सापडली, दगड आयात करणाऱ्या जागेजवळ. दगडी फरश्यांची खोकी हा याचा जुना वाहनप्रकार. तीही साफ झाली. कॅनडात टोरांटोजवळ २००३ पासून लढले, २०१३ मध्ये 'संपला' म्हणून जाहीर केलं, आणि त्याच वर्षी काही महिन्यांत शेजारच्या मिसिसागात पुन्हा निघाला. पुन्हा झाडं तोडली. शेवटी २०२० मध्ये दुसऱ्यांदा जाहीर केलं.

रानवारा
एका किड्यासाठी हजारो धडधाकट झाडं तोडायची. हाच माझा मुद्दा होता. रोगापेक्षा उपाय जड.

सुतारपक्षी
रानवारा, मी लाकूडकामातला माणूस, झाड पडताना मलाही बरं वाटत नाही. पण तोडायचं की नाही हा हिशेब वेळेवर अवलंबून आहे. लवकर सापडला तर शंभर झाडं तोडून लाख वाचतात. उशिरा सापडला तर तोडण्यात अर्थच नसतो, मग तुमचंच म्हणणं बरोबर ठरतं. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात २०२१ मध्ये अँब्रोशिया कुळातलाच एक दोन मिलिमीटरचा भुंगेरा एका घराच्या परसातल्या मेपलमध्ये सापडला. चार वर्षं झाडं तोडली, लोक संतापले, जुने वृक्ष गेले, आणि २०२५ मध्ये सांगितलं की आता निर्मूलन शक्य नाही, यापुढे त्याच्यासोबत राहायला शिका. त्या तोडलेल्या झाडांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा
प्रामाणिक प्रतिसादाबद्दल धन्यवाद. माझी तलवार म्यान.

गोगलगाय
मग लवकर सापडावा म्हणून करतात काय? सगळीकडे माणसं बसवता येणार नाहीत.

चष्मिष
गंधसापळे लावतात. बंदरं, विमानतळ, लाकडाच्या वखारी अशा जागी. मक्याची मुळं खाणारा एक अमेरिकी भुंगेरा युरोपात पहिल्यांदा १९९२ मध्ये सापडला तो बेलग्रेडच्या विमानतळाजवळच्या शेतात. त्यामुळे अशा जागांवर लक्ष ठेवायचं शहाणपण आलं.

पण सगळ्यात भन्नाट युक्ती गांधीलमाशीची. अमेरिकेत एक एकांडी गांधीलमाशी आहे, चावत-डसत नाही. ती एमराल्ड ॲश बोररच्या कुळातले भुंगेरे पकडून, बधिर करून पिल्लांसाठी बिळात साठवते. बिळं करते उघड्या रेताड जमिनीत, विशेषतः बेसबॉलच्या मैदानांवर. स्वयंसेवक उन्हाळ्यात मैदानावर खुर्ची टाकून बसतात आणि माशी काय घेऊन आली ते बघतात. हिरवा किडा आणला की समजायचं, आसपासच्या ॲशवर धाड पडली आहे. माणसाचा सापळा चुकतो, तिची शिकार चुकत नाही.

खमंग
म्हणजे बाकीचे सामना बघतात आणि हे गांधीलमाशीची खरेदी बघतात.

कापूसकोंड्या
पुढच्या जन्मी हीच नोकरी.

जुनं खोड
झोप झाली. एक गोष्ट राहून गेली ती सांगतो. आपण 'आपल्याकडे काय येतं' एवढंच बोलतोय. आपल्याकडून काय जातं? साठवलेल्या धान्यातला खपरा भुंगेरा. जगभरच्या क्वारंटाइन यादीत तो सगळ्यात वरच्यांपैकी, आणि नाव बघा, इंग्रजीतही 'खपरा'च. नाव आणि किडा दोन्ही भारतीय उपखंडातून गेले. याची केसाळ अळी भिंतीच्या भेगेत उपाशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहते. गोदाम झाडलं, धुतलं, रिकामं ठेवलं तरी धान्य परत आलं की ही जागी. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा त्यांनी अख्ख्या इमारती ताडपत्रीत गुंडाळून आत धुरी दिली. अशा शेकडो जागा निपटून काढायला साठचं दशक निम्म्याहून जास्त सरलं.

दुसरा गेंड्या भुंगा, नारळाचा शेंडा पोखरणारा. १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांच्या कुंड्यांतून सामोआ बेटावर पोचला आणि पॅसिफिकमधल्या नारळांची दाणादाण उडवली. त्याला आवरलं ते एका विषाणूने. मलेशियातल्या भुंग्यांत तो सापडला आणि १९६७ मध्ये सामोआत सोडला. मग बरीच वर्षं शांतता. २००७ मध्ये ग्वाम बेटावर पुन्हा गेंड्या भुंगा निघाला, विषाणू सोडला, आणि भुंग्यांना ढिम्म काही झालं नाही. तो वेगळाच वाण होता.

उलटतपासणी
काका, हे राहिलंच होतं. आपण नेहमी बंदराच्या याच बाजूला उभे राहून बोलतो.

ओंडका
सगळ्यांचे आभार. मंडळी, मोठी बातमी आहे.

सुतारपक्षी यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं तपासलं. फळीवर लोंबीचा शिक्का आहे, 'एचटी' आहे. भोकांच्या कडा आतून काळवंडलेल्या. म्हणजे जुनी. मग भुसा ताजा कसा? ढीग उचलून बघितला तेव्हा ट्यूब पेटली. ढिगावर आम्ही जुन्या बांबूच्या टोपल्या ठेवतो. भुसा त्यांतून गळत होता, फळ्यांतून नाही. टोपली आपटली तर किडे टपाटपा पडले. बरणीत भरून कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडे नेले. त्यांनी भिंगाखाली धरून दोन मिनिटांत सांगितलं, बांबूचा घुण. मूळ आशियातलाच. खोक्यातून आलाच नव्हता. टोपलीतून उतरून फळीच्या फटीत जाऊन बसला होता.

म्हणजे परका-बिरका कुणी नाही. उगाच तुम्हा सगळ्यांना कामाला लावलं.

कापूसकोंड्या
म्हणजे सत्तर प्रतिसाद घरच्याच माणसासाठी!

दिवाभीत
इतके नाहीत. पण हो.

चष्मिष
ओंडका, उगाच कसलं, मला तर मजा आली. आणि या घुणाला कमी लेखू नका. बांबूच्या वस्तूंतून तो जगभरात कुठे कुठे जाऊन राहिला आहे.

सुतारपक्षी
एक विचारू? त्या जुन्या फळ्या तुम्ही कोपऱ्यात रचून ठेवता त्या कशासाठी? जाळायला?

ओंडका
नाही हो. दुरुस्तीचे भाग आम्ही परत कारखान्याला पाठवतो ना, त्याच फळ्या ठोकून खोकी करतो. लाकूड चांगलं असतं, फेकायचं कशाला.

सुतारपक्षी
नवीन खोक्यावर शिक्का कुठला?

ओंडका
फळीवर असतो तोच. जुना.

सुतारपक्षी
जुन्या फळ्यांचं खोकं नव्याने बनवलं तर जुने शिक्के खोडून, लाकूड पुन्हा तापवून नवा शिक्का घ्यायचा असतो. शिवाय तुमच्या फळ्या इतके दिवस घुणाच्या टोपल्यांखाली होत्या.

ओंडका
उद्या सकाळी एक गाडी सुटायची आहे. अकरा खोकी. आत्ताच साहेबांना फोन करतो.

कापूसकोंड्या
ते म्हणणार, एका किड्याने काय होतंय?

ओंडका
बरणी घेऊनच जातो. त्यात सदतीस आहेत.